मोठ्या सरांना थेट फोन

माझी बायको करुणा गेली हे मला रिकाम्या खाटेवरून कळलं. मी रक्ताची पिशवी घेऊन धावत आलो, तर खाटेवरची चादर बदलली होती. दोन तरुण डॉक्टर एकमेकांकडे बघत उभे होते. मी विचारलं तेव्हा एक जण म्हणाला, "सर येऊन सांगतील." माझी सासू मालनबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडे बघितल्यावर कुणी सांगायची गरज उरली नाही.

करुणाची गर्भनलिका फुटून पोटात रक्त साठत होतं. ड्युटीवर डॉ. संध्या होत्या. त्या पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला. ऑपरेशन लगेच करायला हवं हे त्यांना कळलं होतं. पण वारंगा फाट्याजवळच्या त्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाने दुसऱ्या वर्षाला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि मग विभागाचे मोठे सर. मधली पायरी सोडली की महिनाभर बोलणी खावी लागतात. दुसऱ्या वर्षाचे डॉक्टर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकले होते, फोन उचलत नव्हते. संध्या मॅडम तोच नंबर लावत राहिल्या.

मी तक्रार केली. चौकशीनंतर कॉलेजने डॉक्टरांसाठी नेतृत्वाचं प्रशिक्षण ठेवलं. शिकवणारे प्रज्ञेश सर जवळा बाजारला माझ्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात आले. सरावात पेशंटचा नातेवाईक म्हणून बसाल का, असं त्यांनी विचारलं.

"बसतो," मी म्हणालो. "पण पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला थेट मोठ्या सरांना फोन करता यावा, असा लेखी आदेश पाहिजे."

मोठ्या सरांचा निरोप आला, आधी या, मग बघू.

हॉलमध्ये खाटेवर रबरी पुतळा होता. पुतळ्याला तोच आजार दिला होता आणि ड्युटी संध्या मॅडमचीच होती. मोठे सर पहिल्या रांगेत बसले होते. मॅडमनी दुसऱ्या वर्षाला फोन लावला. उचलू नका, असं त्यांना आधीच सांगितलेलं होतं.

"बीपी सत्तर," प्रज्ञेश सर म्हणाले.

मॅडमनी पुन्हा तोच नंबर लावला.

"बापू, ही तर फोनच करून राहिली," मालनबाई माझ्या कानाशी म्हणाली. "बाहुली बी मरंल."

मागं कुणी तरी हसलं. मला राहवलं नाही.

"मॅडम, तुमचे मोठे सर कोण?"

त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं.

"मग त्यांनाच सांगा ना."

"मला थेट सांगता येत न्हाई."

"काहून? ते तर समोरच बसलेत."

"बीपी साठ," प्रज्ञेश सर म्हणाले.

मॅडमनी नंबर लावला. मोठ्या सरांच्या हातातला फोन वाजला. त्यांनी स्क्रीन बघितली, फोन कट केला आणि म्हणाले, "आधी सिनियरला विचारलंस का?"

"सर, हा सरावच आहे," प्रज्ञेश सर हळू म्हणाले.

"माहीत आहे. शिस्तही सरावानेच येते."

संध्या मॅडमनी फोन खिशात टाकला. सिस्टरकडे वळून म्हणाल्या, "ओटी उघडा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तिकडेच बोलवा. पेशंट मी आत घेते." आवाज फुटत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मग त्यांनी खाट स्वतः ढकलायला घेतली. मोठे सर उठून बाहेर गेले.

नंतर मॅडम आमच्याकडे आल्या. "त्या दिवशीबी सरांचा हा नंबर माझ्याकडं होता," एवढंच म्हणाल्या. मालनबाईनं त्यांच्यापुढं पाण्याची बाटली धरली. "पी, लेकरा."

मी मोठ्या सरांना गाडीपाशी गाठलं. आदेशाचं विचारलं. बैठकीत ठेवतो, म्हणाले.

ती बैठक होऊन गेली. मी दोनदा जाऊन आलो. आदेश अजून निघालेला नाही.