आशाची पहिली घागर

आशा, माझी बायको, गेल्यावरची ही पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या बुऱ्हाणपुरात त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि त्याच्या जागी कोणाला तरी बसवून जेवू घालतात. आशा सवाष्ण गेली, म्हणून सवाष्णच हवी.

आमची रजनी सहा महिन्यांसाठी जर्मनीच्या विद्यापीठात होती. सुट्टीत रेल्वेने शेजारच्या देशातही फिरून यायची. सरहद्दीवर आता कोणी अडवत नाही म्हणायची. आखाजीच्या आधी तिचा फोन आला. "बाबा, पेपर सोडून येते."

माझी बहीण मालू कान लावून उभी होती. "येऊ दे की! आईची पहिली घागर लेकीशिवाय?"

"पेपर दे," मी रजनीला म्हणालो. "घागर तिथेच भर."

"इथे सवाष्ण कुठून आणू?"

"घरमालकिणीला नवरा आहे ना? तिला बसव."

"दादा, डोकं फिरलं का तुझं?" मालू म्हणाली. "ती गोरी बाई आशाच्या जागी जेवणार?"

"आशा बसमध्येसुद्धा अनोळखी बाईला डबा उघडून द्यायची. तिला चालेल."

आखाजीला मी इथे घागर भरली. संध्याकाळी रजनीचा फोन आला. "बाबा, पोळ्या जाड झाल्या. पण डब्यातला आमरस बाईंनी तीनदा मागून घेतला."

मालू डोळे पुसत हसली. "आशा कधी दुसऱ्यांदा मागायची नाही."

"म्हणून तर," मी म्हणालो. "आता पोटभर जेवली." मग रजनीला विचारलं, "पेपर कधी?"

"परवा."

"मग फोन ठेव आणि अभ्यासाला बस."