सारस संघाची बर्फगाडी आणि कोबीचं पाणी

मी एक जुनी बर्फगाडी आहे, मित्रांनो. अंगण सारवतात ना, तसं मी बर्फाचं मैदान सारवते. पोटात गरम पाणी घ्यायचं, पुढच्या पात्याने ओरबाडलेला बर्फ खरवडायचा, मागच्या ओल्या फडक्याने वर पाण्याचा पातळ थर द्यायचा आणि मागे वळून न पाहता निघून जायचं. थर गोठला की मैदान आरशासारखं होतं. मग खेळाडू येतात आणि पाच मिनिटांत त्याची चाळण करतात. चोवीस वर्षं माझा हाच संसार चालला आहे.

माझा जन्म चीचीहार गावातल्या एका ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कारखान्यात झाला. धड ट्रॅक्टरचं, चाकं जीपची, टाकी दुधाच्या गाडीची आणि भोंगा कुणाचा होता ते अजून कुणी कबूल केलेलं नाही. मला घडवलं तुंग उस्तादांनी. त्यांच्याखेरीज मला कुणी चालवलंही नाही. रोज सकाळी ते माझ्या बॉनेटवर थाप मारून विचारायचे, "काय म्हातारे, उठलीस का?" हे सुरू झालं तेव्हा माझं वय होतं तीन वर्षं. पण मी रागावत नसे, कारण ते स्वतःच्या बायकोलाही याच आवाजात हाक मारत.

आमच्या गावात हिवाळा पाहुणा म्हणून येत नाही. तो घरमालक आहे. उन्हाळाच बिचारा दोन महिने भाड्याने राहून जातो. त्यामुळे इथलं पोर चालायला शिकण्याआधी घसरायला शिकतं आणि बर्फावरची हॉकी हा आमचा खेळ कमी, खोड जास्त. आमच्या संघाचं नाव सारस संघ. गावाबाहेरच्या दलदलीत लाल टोपीचे सारस उतरतात, त्यांच्यावरून ठेवलेलं. सारस डौलदार असतात. आमचे खेळाडू तसे नव्हते, पण पाय मात्र तितकेच लांब होते.

बरीच वर्षं संघ इथल्या इथेच खेळला. मग एका वर्षी वरून हुकूम आला. शेजारच्या देशांची मिळून एक मोठी लीग आहे, तिच्यात शिरा, नाहीतर संघ बंद. लीगचा तपासनीस जपानहून येऊन मैदान पाहणार होता. सामन्याच्या मधल्या सुट्टीत बर्फ नीट गोठतो की नाही, एवढीच त्याची खरी परीक्षा. गोठला तर प्रवेश. नाही गोठला तर कप्तान हुओ बस डेपोत चालक म्हणून रुजू होणार होता. चौतिसाव्या वर्षी दुसरा कुठला संघ त्याला घेणार? त्याने अर्ज भरून ठेवला होता आणि तो कुणाला दाखवत नव्हता. पण कपडे बदलताना खिशातून पडला, तो सगळ्यांनी पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

"उस्ताद, तुमच्या या खटाऱ्यावर माझं नशीब बसलंय," हुओ म्हणाला.

"मग नीट बस म्हणावं. सीट फाटलेली आहे," उस्ताद म्हणाले.

आता मित्रांनो, तपासनीस आला तो नेमका कोबीच्या दिवसांत. शरद संपता संपता आमच्याकडे घरोघरी कोबी मुरवतात. जिन्यात कोबी, गच्चीवर कोबी, सायकलीच्या कॅरियरवर कोबी. कढत पाण्यातून काढायचा, मिठाच्या पाण्यात बुडवायचा, वर दगड ठेवायचा. मग सगळा हिवाळा डुकराच्या मांसाबरोबर तो आंबट कोबी खायचा. संघाच्या स्वयंपाकघराच्या ग्वान मावशी तीस खेळाडूंसाठी मुरवत. त्यांची सगळी मांडामांड माझ्या शेजारच्या बॉयलरच्या खोलीत, कारण फुकटचं गरम पाणी तिथेच. कोबीचे गड्डे मात्र मिळेल तिथे. ज्या खोक्यात शिक्षा झालेला खेळाडू दोन मिनिटं बसतो, तिथेही वीस गड्डे गुपचूप शिक्षा भोगत बसले होते.

तपासणीच्या सकाळी मॅनेजर छ्यू साहेबांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा कोबीच्याच रंगाचा झाला.

"मावशी! हा आंतरराष्ट्रीय संघ आहे की भाजीबाजार?"

"आंतरराष्ट्रीय माणसं जेवत नाहीत का?" मावशी म्हणाल्या.

"पाहुण्याला एक पान दिसता कामा नये. एक पान!"

मग धावपळ झाली. गड्डे बाकांवर रचून त्यांच्यावर संघाचा झेंडा पांघरला. दारातलं मिठाच्या गरम पाण्याचं निळं पिंप आत ढकललं आणि उस्तादांच्या गरम पाण्याच्या निळ्या पिंपाशेजारी ठेवलं. दोन्हीवर एकसारखी पांढरी चादर. दोन्हीतून एकसारखी वाफ. छ्यू साहेब मागे सरून म्हणाले, "बघा, कसं जपानसारखं वाटतंय." त्या वेळी उस्ताद तिथे नव्हते. साहेबांनीच त्यांना गळ्यात टाय बांधायला पाठवलं होतं आणि इतक्या वर्षांत न बांधलेली ती गाठ काही केल्या बसत नव्हती.

तपासनीस निशिगाकी साहेब आले. बारीक अंगाचे, गंभीर गृहस्थ. तरुणपणी आमच्याजवळच्या हार्बिन शहरात शिकले होते, म्हणून आमची भाषा सावकाश पण स्वच्छ बोलत. त्यांना मानाने झेंड्याच्या बाकावर बसवलं. ते जरा हलले, बाकही जरा हललं, पण माणूस सभ्य असल्याने काही बोलले नाहीत. संघाचे दोन भाग पाडून सामना सुरू झाला. पहिला डाव झकास झाला. सुट्टीची घंटा वाजली. घड्याळ लागलं. उस्ताद टाय खांद्यावर टाकून धावत आले, हाताशी लागलेल्या पिंपात नळी सोडली आणि माझी टाकी भरली.

पहिला घोट पोटात गेला आणि मला कळलं. खारट!

मित्रांनो, जिला तोंड नाही तिने ओरडायचं कसं? मी खोकले. मी इंजिन बंद पाडलं. एकदा नाही, तीनदा.

उस्ताद कानाशी येऊन म्हणाले, "आज नको गं नखरे. आजचा दिवस चाल. उद्या हवं तर दिवसभर रुस."

त्यांनी इतक्या मऊ आवाजात कधी विनवलं नव्हतं. मी विरघळले आणि निघाले. तीच माझी चूक. वळणं घेत, पट्ट्याला पट्टा जोडत, मी सगळं मैदान मिठाच्या पाण्याने सुरेख सारवलं.

सुट्टी संपली. हुओ पूर्ण वेगात आत शिरला आणि चिखलात म्हैस बसावी तसा बसला. या खेळात चेंडूऐवजी असते ती रबरी चकती मारली, तर ती पाच हात जाऊन बर्फाच्या खिमटात रुतली. बर्फावर खारं पाणी न गोठता तसंच ओलं चमकत होतं. हुओ तोंडावर पडला, उठला, ओठ चाटले आणि उभा राहिला.

"उस्ताद," तो म्हणाला, "बर्फ खारट आहे."

"पडून डोकं फिरलं याचं," छ्यू साहेब हसत पाहुण्यांना म्हणाले. "बर्फ कुठे खारट असतो?"

वरच्या पायऱ्यांवरून किंकाळी आली. "अगं बाई! माझं कोबीचं पाणी!" ग्वान मावशींनी दोन्ही हात कपाळावर मारून घेतले.

छ्यू साहेब पुटपुटले, "वीज गेली होती म्हणा. थंडाव्याच्या नळ्या बिघडल्या म्हणा." पण तुंग उस्ताद गळ्यातली ती अर्धी गाठ सोडवत सरळ पाहुण्यापुढे गेले.

"साहेब, नळ्या ठीक आहेत. वीजही आहे. मी न बघता मिठाचं पाणी भरलं. पाणी कोबीचं होतं. तुम्ही बसलाय तेही कोबीच आहेत."

निशिगाकी साहेबांनी झेंडा उचलला, खाली पाहिलं आणि पुन्हा तसाच पांघरला. मग घड्याळ पाहून म्हणाले, "नियम असा आहे. तासाभरात खेळ पुन्हा सुरू झाला, तर तपासणी चालू. नाहीतर मी नापास लिहीन."

एक तास. आणि माझी टाकी, नळ्या, फडकं, सगळं खाऱ्या पाण्याने भरलेलं. मला धुवायचं तर वेळ नाही, मला भरायचं तर विष.

हुओने काठी खाली टाकली. "उस्ताद, तुम्ही नुसतं खरवडा. पाणी आम्ही घालतो. शाळेत घालायचो तसं."

आमच्या गावातल्या प्रत्येक शाळेत हिवाळा लागला की पोरंच पटांगणावर बर्फ ओततात. लोखंडी पिंप घसरगाडीवर ठेवायचं, मागे भोकं पाडलेली नळी आणि फडकं लावायचं आणि दोरीने ओढत फिरायचं. हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. माझी टाकी रिकामी करून मी पातं खाली टाकलं आणि धावले. एक फेरी, दोन, चार. पोटात कळ, चाकात कुरकुर, तरी मी खारट थर खरवडून काढत होते आणि मागच्या दाराने ढीग फेकत होते. माझ्या मागून तीस दांडगे खेळाडू तशीच घसरगाडी जुळवून दोरीला लागले. मावशी पदर खोचावा तसा एप्रन खोचून पुढे झाल्या.

"साहेब, दोरी धरा! कोबी लपवायला बरे हात होते!"

छ्यू साहेबांनी दोरी धरली. चकचकीत बुटांमुळे ते ओढत कमी आणि ओढले जात जास्त होते. मावशींनी शाळेतलं गाणं धरलं आणि सगळे गाऊ लागले:

ओढ गड्या, पिंप जड,
मागं पाणी, पुढं गड;
थंडीबाई, लवकर ये,
पाण्यावरती हात दे!

दर पिंप भरण्याआधी उस्ताद त्यात बोट बुडवून चाखत होते. शेवटचा पट्टा पडला तेव्हा नऊ मिनिटं उरली होती. सगळे कठड्याला टेकून बर्फाकडे बघत राहिले, दूध उतू जाताना बघतात तसे. कडेपासून चमक विझत गेली. ओलं ते कोरडं झालं, कोरडं ते कडक झालं. हुओने चकती सोडली. ती गेली, गेली आणि पलीकडच्या फळीवर टण्णकन आपटली.

निशिगाकी साहेब आत आले. मैदानाच्या मधोमध गुडघे टेकले. नखाने बर्फाचा कण काढला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. तेहतीस माणसांनी श्वास धरला.

"अळणी," ते म्हणाले, आणि कागदावर पास लिहिलं.

जगात अळणीपणाचं एवढं कौतुक कुठे झालं नसेल, मित्रांनो. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. छ्यू साहेब तर पडलेलेच होते. कुणीतरी हुओच्या खिशातून तो अर्ज काढला, चोळामोळा करून चकतीसारखा उडवला आणि हुओनेच काठीने त्याचा गोल केला. मग सगळी वरात पाहुण्यासकट जेवायला गेली, कारण निशिगाकी साहेबांनी गेल्या वर्षीचा मुरलेला कोबी मागितला होता.

उस्ताद गेले नाहीत. ते माझ्याजवळ राहिले. मीठ लोखंडाला खातं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्या पोटात गोडं पाणी ओतलं, काढलं, चाखलं आणि थुंकले. पुन्हा ओतलं. पलीकडे हसणं चाललं होतं, भांडी वाजत होती. मावशी वाफाळता वाडगा घेऊन दारात आल्या.

"अहो, या की! तुमच्यामुळे जिंकलो आणि तुम्हीच उपाशी?"

"हिच्यामुळे जिंकलो," उस्ताद म्हणाले. "हिने तीनदा सांगितलं होतं मला. मी नखरे म्हणालो."

मावशींनी वाडगा खाली ठेवला, बाह्या सरसावल्या आणि दुसरी बादली उचलली. अकरा पिंपं खारटच निघाली. बाराव्याला उस्तादांनी थेंब चाखला, मान हलवली आणि मग जेवले. तोवर कोबी थंडगार झाला होता.

म्हणून मी आजही चालते. एवढंच तुम्हाला सांगायचं होतं, मित्रांनो. तुमच्याही घरी एखादं जुनं यंत्र असेल, किंवा कमी बोलणारं माणूस असेल. ते चालता चालता अडलं, तर लाथ मारण्याआधी त्याच्या पोटात काय गेलंय ते एकदा बघा. जमलं तर चाखून बघा. आणि चूक तुमचीच निघाली, तर अळणी होईपर्यंत धुवा.