चौतीस शून्यं

समुद्रजीवांची अभ्यासक व्हायचं म्हणून तिने तीन वर्षं तीन समुद्रांत फुकट राबून काढली होती. "मासे मोजून कुणाचं भलं झालंय?" असं आई दर फोनवर विचारायची आणि ती हसून टाळायची. आज हसू येत नव्हतं.

या संवर्धन केंद्रासाठी तिने चाळीस बुड्या मारून समुद्रघोडे शोधले होते. सहा वेळा दिसले. चौतीस वेळा तिने तक्त्यात इमानाने शून्य लिहिलं. केंद्रप्रमुख सरांच्या अहवालात मात्र त्या चौतीस जागा रिकाम्या होत्या. त्यामुळे सरासरी सहाच बुड्यांची निघाली आणि समुद्रघोडे भरपूर झाले. सर स्वतः कधी बुडी मारत नसत. पाण्यात पाहायचे ते फक्त हिला.

ती ओल्या सूटमध्येच त्यांच्या खोलीत शिरली. "सर, शून्य म्हणजे शोधलं आणि नाही सापडलं. रिकामं म्हणजे शोधलंच नाही. मी काय खाली झोपा काढत होते?"

"अगं, शून्य डोळ्यांत खुपतं. रिकाम्या जागेकडे कुणी बघत नाही," सर म्हणाले. "अहवालावर इथे सही कर, म्हणजे तुझं शिफारसपत्र देतो."

त्या पत्रावाचून तिचा पुढचा प्रवेश अडला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने पेन उचललं आणि सहीच्या चौकटीत कागद फाटेल इतकं दाबून एक गरगरीत शून्य काढलं.

"रिकामी सोडली असती," ती म्हणाली, "तर लोकांना वाटलं असतं, सही करायची राहून गेली."