आठ सिलिंडर

चेन-कप्पीची साखळी करकरली आणि जुनं इंजिन गाडीच्या पोटातून हळूहळू वर आलं. फोरमननं त्याला हातानं जरा झोका देऊन बाजूला घेतलं. थोरली गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून पाहत होती. फिक्या निळ्या रंगाची ती लांबलचक अमेरिकन गाडी दातांच्या डॉक्टरसमोर बसलेल्या म्हाताऱ्यासारखी आ वासून उभी होती.

"वहिनी! थांबवा हे आधी!"

दीर रस्त्यावरूनच ओरडत आला. लोंबकळणारं इंजिन पाहून त्यानं कपाळाला हात लावला.

"अहो, गिऱ्हाईक ठरवलंय मी. हौशी माणूस आहे. गाडी जशीच्या तशी हवी त्याला. एक खिळा बदललेला चालणार नाही."

"मग सांगा त्याला, बदलला म्हणून."

"दादानं जिवापाड जपली ही गाडी!"

"जपलीच," थोरली म्हणाली. "चालवली कुठे?"

बोलणं खोटं नव्हतं. तिचा नवरा रोज सकाळी गाडी पुसायचा, रविवारी तिला शेजारी बसवून सपाट रस्त्यानं तळ्यापर्यंत न्यायचा आणि चढ सुरू व्हायच्या आत गाडी वळवायचा. सहाच सिलिंडर आहेत, चढाला दम लागतो तिला, असं म्हणायचा. इंजिनाशी कोण वाद घालणार? थोरली काचेतून वर चढत गेलेल्या रस्त्याकडे बघत राहायची.

"दादा असता तर काय म्हणाला असता?"

"ते होते तेव्हा पुष्कळ म्हणून झालंय, भावजी. बाजूला व्हा, कपड्यांवर ऑइल सांडेल."

दीर पाय आपटत गेला. फोरमननं हसू लपवायला उगाच एक पाना शोधायला घेतला. पहिल्या दिवशी त्यानंही तिला समजावून पाहिलं होतं. हे म्हणजे आजीबाईंना पैलवानाचं काळीज बसवण्यासारखं आहे, असं तो म्हणाला होता. त्यावर थोरली म्हणाली होती, "बसवा. आजीबाईंना चढ चढायचाय." मग त्यानंच भंगारात निघालेल्या एका दांडग्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन शोधून आणलं, सगळं उघडलं, झिजलेलं बदललं आणि पुन्हा बांधलं. ते बसावं म्हणून पुढचे आधार कापून नवे वेल्ड केले. ब्रेकही नवे घातले. "पळायला लावायची तर थांबवायचीही सोय हवी, मावशी," एवढंच म्हणाला.

एक्झॉस्टवर मात्र दोघांचं अडलं.

"दोन बाजूंनी दोन पाइप काढतो आणि मोठे सायलेन्सर लावतो. मांजरासारखी जाईल. कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही."

"तेच नकोय," थोरली म्हणाली.

"म्हणजे?"

"वळणापलीकडून कळलं पाहिजे, गाडी येतेय म्हणून."

फोरमननं मान खाजवली. "पोलीस धरतील."

"धरणार नाहीत एवढा ठेवा. पण त्याच्याखाली एक इंच नको."

"आवाज काय इंचात मोजतात का, मावशी?"

"मग कशात मोजतात त्यात मोजा."

काम पुरं झालं तेव्हा फोरमननं किल्ली तिच्याच हातात दिली. तिनं ती फिरवली. गाडी एकदा खोकली, आणि मग असा खोल, भरदार आवाज निघाला की फळीवरचे पाने थरथरायला लागले. थोरलीनं दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवले. हातांतून तो थरार खांद्यांपर्यंत आला.

मग काही दिवस फोरमनला शेजारी घेऊन मोकळ्या मैदानात तिनं हात बसवला. ज्या सकाळी ती एकटी निघाली, त्या सकाळी दीर घराच्या फाटकात आडवा उभा होता.

"कुठे निघालात हा ढोल बडवत?"

"धाकटीकडे."

या घरात ते नाव काढायचं नाही, असा दादाचा हुकूम होता. धाकटीनं, थोरलीच्या पाठच्या बहिणीनं, मारकुट्या नवऱ्याचं घर सोडलं आणि घाटावरच्या गावात एकटीनं बिऱ्हाड मांडलं, त्या दिवसापासूनचा. हुकूम सगळ्यांनी पाळला. थोरलीनंही पाळला, म्हणजे ती नाव काढायची नाही. दोन-तीन महिन्यांनी डोळे दाखवायला जाते म्हणून बाहेर पडायची, बसनं घाट चढायची, बोळातून मागच्या दारानं बहिणीकडे शिरायची आणि दिवेलागणीच्या आत परतायची. बायकोचे डोळे इतके कसे बिघडतात, असं नवऱ्यानं कधी विचारलं नाही.

थोरलीनं ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन असं गरजलं, की दीर दोन पावलं मागे सरला. मग त्यानं फाटकाची दुसरी झडपही उघडली. गाडी रुंद होती.

चढ आला. तिनं गिअर उतरवला, श्वास रोखला. गाडीला दम लागला नाही. एका वळणावर मागचा ट्रक मागेच राहिला, तेव्हा थोरली एकटीच मोठ्यानं हसली.

धाकटीच्या गल्लीत शिरेपर्यंत खिडक्या उघडल्या होत्या. घरासमोर, अगदी पुढच्या दाराशी, तिनं गाडी उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. धाकटी ओल्या हातांनी बाहेर आली.

"अगं, हे काय? मागून ये ना! लोक बघतायत."

"बघू देत. कपडे बदलून ये. बाजारातून चक्कर मारू."

धाकटी डोळे पुसत आत पळाली. तेवढ्यात शेजारची बाई गाडीपाशी आली. तिनं आधी गाडी न्याहाळली, मग चालवणारीला.

"तुम्ही त्याच ना? मागच्या दारानं येता त्या? आम्हाला वाटायचं, धुण्याभांड्याला येता."

थोरलीचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिनं इंजिन बंद केलं. गल्लीत एकदम शांतता पसरली. ती खाली उतरली आणि समोरच्या गॅलरीतल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मी हिची सख्खी मोठी बहीण."

"अय्या! हिला बहीण आहे?"

"आहे."

धाकटी ठेवणीतले कपडे घालून, दाराला कुलूप लावून आली. सवयीनं मान खाली घालून ती गाडीच्या मागच्या दाराकडे वळली.

"तिथं नाही," थोरली म्हणाली. "पुढे बस."