पाणबुडीच्या बारा रिंगा

मित्रांनो, मी एक जुना प्लग गेज आहे. नावाला घाबरू नका. वीतभर पोलादी दांडा, दोन्ही टोकं गोल आणि आरशासारखी गुळगुळीत. एखाद्या रिंगेचं भोक मापात आहे की नाही, हे मी सांगतो. माझं हिरवं टोक भोकात सहज जायला हवं आणि लाल टोक जाता कामा नये. लाल आत गेलं, की भोक मोठं झालं, नग बाद. स्वभाव असा सरळ असल्यामुळे मी फार जणांना आवडत नाही.

माझा जन्म अंबरनाथचाच. किसन नावाच्या कारागिराने मला तीन दिवस घासून मापात आणलं. गेली अकरा वर्षं मी इथल्याच श्रीपाद सरांच्या कारखान्यात, तपासणी करणाऱ्या संध्याच्या हाताखाली आहे. तिने मला तळहाताच्या फोडासारखं जपलं. ती हातमोजे घातल्याशिवाय मला उचलत नाही, कारण पोलाद उबेने फुगतं आणि फुगलेला गेज खोटं बोलतो.

आमच्या रिंगा जातात एका भल्यामोठ्या पाणबुडीच्या पंपांत. ही पाणबुडी अणुभट्टीवर चालते. भट्टीच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर यंत्रं फिरतात. त्यासाठी हवा लागत नाही, म्हणून ती महिनोन्‌महिने वर येत नाही. आतल्या माणसांचा शिधा संपत आला, तरच ती परत फिरते. तिच्या पोटात उभ्या नळ्यांमध्ये लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं असतात. ती सोडायची वेळ येऊ नये, यासाठीच ती समुद्रात दडून बसते. आपल्यावर कुणी पहिला घाव घातला, तरी कुठूनतरी उत्तर येणार, एवढं समोरच्याला ठाऊक असलं की पुरे. पण ती सापडली, तर तिचा काही उपयोग नाही. पाण्यात आवाज कोसच्या कोस जातो आणि शत्रूच्या बोटी कान लावूनच असतात. एक रिंग सैल बसली, पंप घरघरला, की आतल्या शंभरभर माणसांचा जीव धोक्यात.

यंदाच्या दसऱ्याला संध्या रजेवर होती. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता. इकडे सरांनी हत्यारांची पूजा मांडली आणि मला ताटात अगदी समईला टेकवून ठेवलं. हळदकुंकू, झेंडूचं फूल, मी तर भलताच खूश! पूजेतलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, असा रिवाज आहे. पण माल दुसऱ्या दिवशी जायचा होता आणि बारा रिंगा बाकी होत्या. सर स्वतः जुने टर्नर. उभे राहिले लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर. रिवाज मोडल्याची चुटपुट म्हणून प्रत्येक तपासणीनंतर ते मला नमस्कार करून पुन्हा समईपाशी ठेवत.

मी चांगलाच तापलो. हिरवं टोक आत जाईना, म्हणून सरांनी भोक आणखी थोडं कातलं. मग हिरवं गेलं, लाल अडलं. "वा, शकुनाचे नग!" सर म्हणाले. बाराही रिंगा मी खोट्या पास केल्या, मित्रांनो. आजही ते आठवलं की मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी संध्या आली. तिला माझ्यावर समईच्या तेलाने माखलेलं कुंकू दिसलं. तिने मला पुसलं, रिंगांसोबत एसीच्या खोलीत ठेवलं आणि दुपारी तपासायला घेतलं. लाल टोक पहिल्याच रिंगेत सुळकन गेलं. दुसऱ्या, तिसऱ्या, बाराही रिंगांत गेलं.

बाहेर टेम्पो उभा होता. सर सहीचा कागद घेऊन आले.

"सर, मी सही नाय करणार. बारा पीस रिजेक्ट आहेत."

"काल मी स्वतः चेक केलेत, संध्या. आता तू पूजेला दोष देणार?"

"पूजेला नाय सर. समईने गेज गरम झाला होता."

"अगं, केसभर फरक तो! पाण्याखाली कोण ऐकायला बसलंय?"

"ऐकायलाच तर बसलेत सर. त्यांची ड्यूटीच ती आहे."

सरांचा चेहरा लाल झाला. "मालक मी आहे. सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

 संध्याने पेन उचललं नाही. तिने मला सरांपुढे धरलं. "अकरा वर्षं मी खाली सही केली, ती बघून केली. तुम्ही एकदा लावून बघा. मग सांगा, मी जाते."

सरांनी हातमोजे चढवले आणि मला एकेका रिंगेत घातलं. बाराही रिंगांत लाल टोक आत गेलं. मग त्यांनी लाल रंगाचा डबा मागवला, बाराही रिंगांवर स्वतःच्या हाताने फुल्या मारल्या आणि कागदावर लिहिलं: 'बारा नग कमी. चूक माझी.' खाली सही केली आणि कागद संध्यापुढे सरकवला. तिनेही सही केली.

मित्रांनो, हत्याराला हळदकुंकू जरूर वाहा, पण त्याला स्वच्छ ठेवा, गार ठेवा. आणि एक लक्षात असू द्या. मी फक्त अडू शकतो किंवा आत जाऊ शकतो. "हे चालणार नाही" हे मालकाच्या तोंडावर सांगायला माणूसच लागतो. तुमच्यात तसं कुणी असेल, तर त्याला जपा.