मंगळवारचे तेल

आयझिरेकने तिसऱ्यांदा बेरीज केली. 'जिवंत' या रकान्यात 'होय' असलेल्या नोंदी किती, असे तिने संगणकाला विचारले. मग 'नाही' असलेल्या किती, ते विचारले. दोन्ही आकडे मिळवूनही एकूण नोंदींपेक्षा दोनशे बारा कमी भरत होते.

"कुठं गेली ही माणसं?" मागून साइराकान एझेंनी विचारले. नारीन शहराच्या नोंदणी कार्यालयाच्या त्या प्रमुख; थोरल्या बहिणीला म्हणतात तसे सगळे त्यांना 'एझे' म्हणत. हातात चहाचा पियाला होता.

"गेली नाहीत, एझे. त्यांचा रकाना रिकामा आहे. जिवंत कोण विचारलं की येत नाहीत, जिवंत नाही कोण विचारलं तरी येत नाहीत. दोन्ही हाकांना गप्प."

"राजधानीत गप्प माणसं चालत नाहीत. नव्या तक्त्यात रिकामा रकाना घेतच नाहीत ते. माणूस एकतर असतो, नाहीतर नसतो."

"मग सगळ्यांना 'होय' करू?"

"आणि उद्या मतदार यादीत नावं आली की शोधायला तू जाणार घोड्यावर? 'नाही' कर. ज्याला पटणार नाही तो येईल भांडायला."

आयझिरेक हसली नाही. त्या दोनशे बारांत तिचा भाऊ कुबात होता. सहा वर्षांपूर्वी कुरणातून मेंढ्या खाली आणायला तो खिंडीपलीकडे गेला. मेंढ्या आल्या.

अकरा वाजता तिने आज्ञा दिली: रिकामे ते सगळे 'नाही'. बेरीज जुळली. बदल कायम करायचा तेवढा राहिला होता. तोवर तो मागे घेता येतो. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. साडेबाराला तिने तो मागे घेतला.

"जेवून ये आणि उरकून टाक," एझे म्हणाल्या. "जड जात असेल तर मी करते. आज्ञा तर पडद्यावर लिहिलेलीच आहे."

"नको. येते मी."

गल्लीच्या तोंडाशीच तिला तळणीचा वास आला. मेलेल्यांसाठी तेल तापवतात ते गुरुवारी. तो वास त्यांच्यापर्यंत पोहोचतो म्हणतात. आज मंगळवार होता. वास पहिल्यांदा आला तो अनारकूलच्या दारातून. तिचा नवरा रशियात बांधकामावर गेला, त्यानंतर त्याचा फोन नाही. मग आला ट्रकवाल्या सेयितच्या घरातून. मधली घरे कोरडी होती. सकाळभर जी नावे तिने वाचली होती, तेवढ्याच दारांतून तेलाचा वास येत होता.

तिच्या आईने कुबातसाठी कधी तेल तापवले नव्हते. शेजारणी टोमणे मारत, एवढा कसला जीव तेलावर? आई म्हणे, "घरी येणाऱ्याला वास कशाला? त्याला ताट लागतं."

आज कढई चुलीवर होती. ताटलीत चार बोरसोक, कणकेचे छोटे तळीव गोळे, तांबूस झालेले. बाकीचे गार तेलात, पांढरे, अर्धे कच्चे.

"आई, हे काय?"

"काय सांगू, पोरी. अकराच्या सुमाराला हात आपोआप पिठात गेले. रडू नाही, काही नाही. नुसतं वाटलं, कुबातसाठी तळायला हवं." आईने बोटांवरचे पीठ चोळले. "मग एकाएकी वाटलं, हे मी काय मांडलंय? चूल विझवली."

"किती वाजता?"

"रेडिओवर साडेबाराच्या बातम्या लागत होत्या." आईने परातीवर फडके टाकले. "राहू दे पीठ. पुन्हा वाटलं तर असावं."

आयझिरेकने तिच्या हातातून परात घेतली. पीठ टाकून देत नाहीत. तिने अंगणात जाऊन सगळा गोळा वासरापुढे ठेवला. वासराने परात चाटून पुसून काढली, तोवर ती तिथून हलली नाही. मग तिने खिशातून फोन काढला आणि एझेंचा नंबर लावला. तो रिकामा रकाना तसाच पाठवायचा, नाकारला तर नाकारू दे, असे सांगायचे तिने ठरवले होते.

फोन बराच वेळ वाजत राहिला.

आत आईने पिठाच्या पोत्याचे तोंड सोडले. मग काडी ओढल्याचा आवाज आला.