जड झालेला आवाज

धनजला मारोतराव पाटलाच्या खळ्यावर गहू मळायला यंत्र आलं आणि दोन दिवसांत तीनदा तुंबलं. लढाईचे दिवस, इंजिनाचं तेल मोठ्या वशिल्यानं मिळालेलं, त्यामुळे पाटलाचा पारा चढलेला. रिसोडचा मुनाफ मिस्त्री मात्र शांत होता. यंत्र काही जावई नव्हे, त्याच्या रुसण्याची कारणं मोजकीच असतात. पट्टा ढिला, पेंढ्या ओल्या, नाहीतर ड्रमचे दात झिजलेले. त्यानं एकेक करून सगळं तपासलं. कशातच खोट नव्हती.

चौथ्यांदा इंजिन सुरू झालं. यंत्राच्या माचीवर उभी राहून मजूर गोजराबाई पेंढ्या सोडून आत घालत होती. खाली उभं राहून ड्रमचा आवाज ऐकायचा आणि तो जड झाला, म्हणजे ड्रम तुंबत आला, की हात वर करून तिला थांबवायचं, हे मिस्त्रीचं काम. वीस वर्षं तो ते कानाच्या भरवशावर करत आला होता. आज गोजराबाईनं आपणच हात आखडला आणि वाकून त्याच्या कानाशी ओरडली, "मिस्त्री, आवाज जड झाला न."

मुनाफला तर तो मघासारखाच वाटत होता, दूर कुठं कोणी जातं ओढावं तसा. ज्या इंजिनांवर पोट भरलं, त्यांनीच कान नेले होते. बहिऱ्या मिस्त्रीला कोण बोलावणार? घाबरून त्यानं हात हलवला, टाक, टाक. तिनं टाकलं. ड्रम अडकला आणि पट्टा उडाला.

पाटील तावातावानं आले. "आता काहून बंद पडलं?"

एक खरं वाक्य पुरलं असतं. मुनाफ म्हणाला, "बाई गठ्ठेच्या गठ्ठे टाकून राह्यली, पाटील."

"गोजरा, उतर खाली. उद्यापासून येऊ नोको."

ती भांडली नाही. पदराला हात पुसून मिस्त्रीजवळ थांबली, हळूच काहीतरी बोलली आणि चालू लागली. मुनाफनं मान हलवली. ऐकू न येणाऱ्याला ती सवय लागतेच. मग त्याला स्वतःची फार शरम वाटली.

"काय म्हने बाई?" तिच्या जागी चढणाऱ्या शालिग्रामनं मोठ्यानं विचारलं.

"काई नाई."

शालिग्राम नवखा होता. पहिली पेंढी सोडून तो मिस्त्रीच्या हाताकडे बघत राहिला. आवाज जड झाला तर सांगणारं आता तिथं कोणीच नव्हतं. मुनाफनं ड्रम मोकळा करून पट्टा चढवला, इंजिन सुरू केलं आणि हात हलवला, टाक.